सातबारा, सोडचिठ्ठी आणि लेकराचा ताबा : बारामती-इंदापुरातील कौटुंबिक वादांचा कायदेशीर आढावा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरातला वाद कोणत्याही कारणाने सुरू होवो, तो फार दिवस जमिनीपासून लांब राहत नाही. माहेरी परतलेल्या लेकीची पोटगी ठरवताना जावयाच्या नावावर ऊस किती, हे आधी विचारले जाते. तरुण मुलगा गेला की सुनेचे नाव उताऱ्यावर चढवायचे की नाही यावरून घरातले बोलणे बंद होते. आईवडिलांचा घटस्फोट झाला, लेकरू आजोळी वाढले, तरी वडिलांच्या वडिलोपार्जित शेतात त्याचा वाटा असतोच. त्यामुळे विवाह, पालकत्व आणि वारसा हे कायद्याच्या पुस्तकातले तीन वेगळे विषय येथे एकाच घरात, एकाच वेळी उभे राहतात.

जमिनीला येथे जे मोल आले आहे त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या खालचा पट्टा बागायती झाला. सुपे-मोरगावकडचा भाग मात्र जिरायतीच राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांनी उसाला हक्काचे गिऱ्हाईक दिले. उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे पाण्याखाली घालून उरलेल्या शिवाराला पाणी दिले. पुढे औद्योगिक वसाहत आली, अलीकडे संत तुकाराम महाराज पालखी मार्गाचे रुंदीकरण झाले. ज्या गटाची कधी कोणी चौकशी केली नव्हती, त्याचा मोबदला आला की तीस वर्षे न निघालेला बहिणींच्या हिश्शाचा विषय एका आठवड्यात निघतो. संपादनाच्या रकमेत कोणाचा किती वाटा यावर एकमत नसेल, तर सक्षम प्राधिकारी तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. तोवर पैसे कोणालाच मिळत नाहीत.

हिंदू कुटुंबांपुरता वारशाचा पाया 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आहे. मूळ कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने 1994 साली दुरुस्ती करून त्या वर्षीच्या 22 जूनपर्यंत अविवाहित असलेल्या मुलींना सहदायिक केले. राज्याचे पहिले महिला धोरणही त्याच वर्षी आले, आणि त्या वेळी मुख्यमंत्रिपदावर बारामतीचेच शरद पवार होते. मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या लेकी बाहेरच राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट काढली. तरीही वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत का, यावर पंधरा वर्षे उलटसुलट निकाल होत राहिले. विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न संपवला: मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील 2005 साली हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप मात्र कायम राहते. तोंडी वाटपाचा बचाव सरकारी कागदपत्रांनी ठोसपणे सिद्ध झाला तरच, आणि तोही अपवाद म्हणून, मान्य होतो. ‘आमच्यात वाटणी कधीच झाली आहे’ हे गावोगाव ऐकू येणारे उत्तर त्यामुळे नुसत्या तोंडी सांगण्यावर टिकत नाही.

हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आठ एकर वडिलोपार्जित बागायत आहे. वडील 2012 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन विवाहित मुली आहेत. मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कायदा धरतो. त्या वाटणीत वडील, आई आणि चार मुले असे सहा समान हिस्से पडतात. वडिलांचा एक षष्ठांश मग उरलेल्या पाच जणांत समान वाटला जातो. प्रत्येकाच्या पदरी अखेर एक पंचमांश, म्हणजे 1 एकर 24 गुंठे येतात. हीच जमीन वडिलांनी स्वतः खरेदी केलेली असती तरी उत्तर हेच निघाले असते. फरक मृत्युपत्रात पडतो. स्वकष्टार्जित जमीन वडील मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित जमिनीत त्यांना फक्त स्वतःच्या हिश्शापुरते लिहिता येते. साऱ्या आठ एकरांचे मृत्युपत्र मुलग्यांच्या नावे केले म्हणून मुलींचा जन्मजात वाटा जात नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

कायद्याचे हे गणित सातबाऱ्यावर उतरते तेव्हा वाट वाकडी होते. खातेदार वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यायची असते. वारस नोंदवहीत, गाव नमुना 6-क मध्ये, नावे लिहिली जातात, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हा अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा हेतू मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्याचाच होता. जुन्या उताऱ्यांवर एका भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा दिसतो. नाव एकाचे असले तरी जमीन साऱ्या कुटुंबाची, एवढाच त्याचा अर्थ. तो शेरा पुढे कधी गळून पडला असेल, तर जुने फेरफार काढून तो कोणत्या क्रमांकाच्या नोंदीत गळला हे पाहणे हे अशा वादातले पहिले काम असते. वारस नोंदीत बहिणींची नावेच दिली गेली नसतील, तर प्रमाणित नोंदीवर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येते. बारामतीच्या प्रांत कार्यालयाखाली हे दोन्ही तालुके येतात. अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. मूळ गोष्ट अशी की फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही, ही समजूत चुकीची आहे, आणि या समजुतीपायी अनेक बहिणी वेळीच बोलत नाहीत.

हक्कसोडपत्र हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत नाजूक कागद आहे. वडिलांच्या दहाव्या-तेराव्याला जमलेल्या बहिणींपुढे विषय निघतो. वारस नोंद होऊन नावे लागली की थोड्याच दिवसांत भावाची गाडी दुय्यम निबंधक कार्यालयाकडे निघते, अंगठा आणि फोटो होतो, साडीचोळी होते. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ही भीती खरी असते, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण सही करणारीला त्या कागदाचे परिणाम कळले पाहिजेत. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. नोटरीसमोरच्या स्टॅम्पने किंवा ‘मला हिस्सा नको’ अशा तलाठ्यापुढील जबाबाने स्थावरातला हक्क सुटत नाही. ते फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात करता येते, आणि कोणाच्या लाभात हे शब्द नीट वाचावे लागतात, कारण एकाच भावाचे नाव असेल तर दुसऱ्याला आणि आईला त्यातले काही मिळत नाही. नोंदणी झाल्यावर ते परत घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण सिद्ध करून दिवाणी न्यायालयातून रद्द करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी ती गोष्ट कळल्यापासून तीनच वर्षे मिळतात. मोबदला घेऊन हक्क सोडण्यास कायद्याची आडकाठी नाही. ठरलेली रक्कम दस्तातच लिहिली म्हणजे पुढे शब्दाला शब्द लागत नाही. आईने स्वतःचा हिस्सा घाईने सोडू नये, हे येथे ठामपणे सांगायला हवे. उतारवयात तिच्या हातात उरणारा तो बहुधा एकमेव आधार असतो.

एकमत असेल तर वाटप सोपे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदाराकडून वाटप करून घेता येते. कोणी मालकीचाच वाद काढला की तहसीलदाराला थांबावे लागते आणि पक्षकारांना दिवाणी न्यायालयात जावे लागते. तेथे आधी प्राथमिक हुकूमनामा होऊन हिस्से ठरतात. मग शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यामार्फत, सरस-निरस पाहून, मोजणीने होते. या दोन टप्प्यांमध्ये वर्षे जातात. हिस्सा नाकारला गेल्याचे कळल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. दावा चालू असताना जमीन विकली जाऊ नये म्हणून मनाई हुकूम मागता येतो, आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली की खरेदीदारालाही वाद कळतो.

वाटपपत्रात गुंठे लिहिले जातात, पाणी विसरले जाते. बागायत पट्ट्यात खरे भांडण तेथेच आहे. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, मोटर कोणत्या वारी कोणाची, पाइपलाइन कोणाच्या बांधातून जाणार, कालव्याची पाळी आली की आधी कोण भिजवणार, उसाची गाडी कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हे सारे वाटपपत्रात लिहिलेले हवे. वहिवाटीचा रस्ता अडवला गेला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे. शिवाय तुकडेबंदी कायदा आडवा येतो. 2023 च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरले आहे. हिस्सा त्याहून लहान पडत असेल तर एकाने जमीन आणि दुसऱ्याने पैसे घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

कारखान्याचे शेअर, बँकेतल्या ठेवी आणि विमा यांबाबत वेगळाच गैरसमज आहे. नामनिर्देशनात ज्याचे नाव दिले तो मालक, असे मानले जाते. नामनिर्देशित व्यक्ती बहुतेक बाबतीत रक्कम स्वीकारणारी असते, मालक वारसच राहतात. ठेवी आणि रोख्यांसाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. सर्वसाधारण वारस दाखला 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली न्यायालयातून मिळतो. तलाठ्याचा पंचनामा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही.

विधवा सून हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित वारस. नवऱ्याच्या हिश्शात ती, तिची मुले आणि सासू हे बरोबरीचे वारस आहेत. तिने पुनर्विवाह केला म्हणून आधी मिळालेला हिस्सा परत जात नाही. नवऱ्याने मागे काही ठेवले नसेल, तर सासऱ्याच्या ताब्यातील एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून निर्वाह मागण्याचा तिला हक्क आहे. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पण घटस्फोट न झालेली स्त्रीही त्याची वारस असते. घटस्फोटाचा दावा चालू असताना नवरा वारला तरी ती विधवा म्हणूनच वारशाला येते.

येथे सोडचिठ्ठीचा प्रश्न येतो. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर लिहून नोटरीचा शिक्का मारलेली सोडचिठ्ठी अजूनही कपाटांतून निघते. एखाद्या जातीत काडीमोडीची जुनी रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29(2) ने ती राखली आहे, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. तशी रूढी नसताना त्या कागदाने विवाह संपत नाही. त्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते रद्दबातल ठरते आणि फौजदारी गुन्हाही होतो. भोग बहुधा दुसऱ्या पत्नीच्या वाट्याला येतो, कारण ती वारस ठरत नाही. तिची मुले मात्र औरस मानली जातात. 1 सप्टेंबर 2023 च्या रेवणसिद्धप्पा निकालानुसार वडिलांच्या वडिलोपार्जित हिश्शातून त्यांना वाटा मिळतो, इतर नातलगांच्या हिश्शातून नाही.

कायदेशीर घटस्फोट न्यायालयातूनच होतो. पुणे शहरासाठी कौटुंबिक न्यायालय आहे. तालुक्यांतील विवाह अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. लग्न झाले ते ठिकाण, दोघे शेवटचे एकत्र राहिले ते घर, किंवा प्रतिवादीचे राहते गाव, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. पत्नीला ती सध्या राहते तेथेही करता येतो, त्यामुळे इंदापूरच्या लेकीला सासरच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. क्रूरता, दोन वर्षांचा त्याग, व्यभिचार ही नेहमीची कारणे. परस्परसंमतीसाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या-दुसऱ्या अर्जात सहा महिने जातात. 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर योग्य प्रकरणात न्यायालय हा काळ माफ करू शकते. ‘संसार मोडला आहे’ एवढ्याच कारणावर विवाह संपवण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे ठेवला आहे. मुस्लिम कुटुंबांत एका दमात दिलेला तीन तलाक 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे. पत्नीला 1939 च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाह संपवता येतो. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितले.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले पोटगीचे कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झाले आहे. शेतकरी नवऱ्याचे उत्पन्न पगारपत्रकासारखे हाती येत नाही. ‘शेती वडिलांची आहे, मी नुसता राबतो’ हे ठरलेले उत्तर मिळते. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्यास सांगितले. सातबारा, 8-अ, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, दूध संस्थेचे खाते, ट्रॅक्टरची नोंदणी हे कागद अशा वेळी वकिलाच्या युक्तिवादाहून जास्त बोलतात. हिंदू विवाह कायद्याखालील कायम पोटगीचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणे यांसाठी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज होतो. संरक्षण अधिकारी तो भरण्यास मदत करतो. या कायद्याचे बळ राहत्या घराच्या हक्कात आहे. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी ते सामायिक घर असू शकते, हे 2020 पासून स्पष्ट आहे. पोलीस ठाण्यात, मग ते इंदापूरचे असो, भिगवणचे की वालचंदनगरचे, समुपदेशनासाठी बोलावले जाते. ते उपयोगी पडते, पण तेथे तडजोड केलीच पाहिजे असे कोणावर बंधन नाही.

लेकराच्या ताब्यात आईवडिलांचा हक्क दुय्यम आणि लेकराचे हित पहिले. 1956 च्या पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असते. त्यापुढे शाळा, घरातील माणसे, सांभाळण्याची सवड आणि कळत्या वयाच्या मुलाची इच्छा पाहिली जाते. आईची कमाई कमी आहे हे ताबा नाकारण्याचे कारण नाही, कारण खर्च वडिलांकडून घेता येतो. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याची भेट ठरते: सुट्टीतले काही दिवस, सण, व्हिडिओ कॉल. भेट बंद करून पोटगी वसूल करणे किंवा पोटगी थांबवून भेट मागणे, दोन्ही चूक. हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. तडजोडीत एकरकमी रक्कम घेऊन ‘मुलाचाही यापुढे काही हक्क नाही’ असे लिहिले जाते, ते मुलाला बांधत नाही. आई स्वतःचा हक्क सोडू शकते, लेकराचा नाही.

अज्ञान मुलाचे नाव उताऱ्यावर लागते तेव्हा त्यापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव येते. तो पालनकर्ता मालक नसतो. मुलाच्या स्वतंत्र नावावरील जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता येत नाही. तशी विक्री झाली तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत मुलाला ती रद्द करून घेता येते.

म्हाताऱ्या आईवडिलांनी जमीन मुलाला बक्षीस देऊन टाकली आणि मग भाकरीची भ्रांत पडली, तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांताधिकारी त्याखालील न्यायाधिकरण म्हणून काम पाहतात. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह देववू शकतात. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र रद्दही होऊ शकते, म्हणून ती अट दस्तात स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे.

खर्चाच्या भीतीने थांबण्याची गरज नाही. बारामती आणि इंदापूर येथील न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 15100 आहे. घटस्फोट, पोटगी, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना 1994 च्या शासन अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. आपल्या वाटपाच्या दाव्याला ही माफी लागू होते का, हे दावा लावतानाच वकिलाकडून तपासून घ्यावे. 2007 मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या काही गावांत अजून बसतात. बांधाचा आणि वाटेचा वाद तेथे चांगला मिटतो, पण घटस्फोट देण्याचा किंवा बहिणीचा हक्क काढून घेण्याचा अधिकार त्यांना नाही. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्याची कोर्ट फी परत मिळते. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून तडजोडनाम्यातील गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, पाण्याची पाळी आणि रकमेची तारीख सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावी.